एल्कच्या स्वप्नासाठी हरणाची रायफल निवडू नका

प्रश्न : न्यू जर्सीतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय चाळिशीचं, ग्रीन कार्ड आहे, घरी पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी. ऑफिसमधला एक अमेरिकन सहकारी त्यांना दोन हंगाम पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या रानात हरणाच्या शिकारीला घेऊन गेला. तेव्हा ते हत्यार न घेता नुसते शेजारी बसले होते. यंदा त्यांना स्वतःची रायफल घ्यायची आहे, तीही लिव्हर-ॲक्शनच, म्हणजे चापाजवळची दांडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरणारी. अडलंय ते काडतुसावर. सहकारी म्हणतो, फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी घे, जनावर जागेवर बसतं आणि जड गोळी झाडीतूनही सरळ जाते. दुकानदार .३०८ पुढे करतोय. ओहायोतला मेहुणा ‘थर्टी-थर्टी आता आजोबांची झाली’ म्हणत नवीन ३६० बकहॅमर सुचवतोय. सहकाऱ्याच्या मचाणावरून सर्वांत लांबची मोकळी जागा ७०-८० यार्डांवर आहे, पण पुढेमागे कोलोराडोत एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंही मनात आहे. मुलीलाही बाबाबरोबर रानात जायचंय. ‘जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून जास्त ताकदीचं काडतूस घेतलेलं बरं, नाही का?’ असं ते विचारतात.

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. जनावराचे हाल होऊ नयेत ही काळजी रास्त आहे, आणि पहिली रायफल हातात येण्याआधीच ती तुम्हाला वाटली याचं मला मनापासून बरं वाटलं. पण ताकद वाढवली की हाल कमी होतात, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होत नाही. व्हाइटटेल हरणाचं हृदय आणि फुप्फुसं पुढच्या पायाच्या लगेच मागे असतात. बाजूने पाहिलं तर ही जागा नाश्त्याच्या बशीएवढी, साधारण आठ इंचांची. तिथून गोळी आरपार गेली की हरीण काही सेकंदांत कोसळतं, मग काडतूस यातलं कुठलंही असो. पुष्कळदा त्या सेकंदांत ते पन्नास-साठ यार्ड धावतंही, आणि त्यात वावगं काही नाही. ती जागा चुकली, गोळी पोटात किंवा मांडीत बसली, तर चारशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) जड गोळीसुद्धा त्याला रात्रभर तडफडत ठेवते. तेव्हा हाल टाळायचे असतील तर प्रश्न वेगळा विचारायला हवा. थंडीने बोटं आखडली आहेत, छातीत धडधडतंय, अशा वेळी त्या आठ इंचांत मी कुठल्या काडतुसाने खात्रीने गोळी घालू शकेन?

माझं उत्तर आहे, थर्टी-थर्टी. मेहुण्यांना कळवा की आजोबांची असली तरी अजून कामाची आहे.

हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आलं, जॉन ब्राउनिंगने आखलेल्या विंचेस्टरच्या मॉडेल १८९४ रायफलीसाठी. धूर न होणाऱ्या दारूवर चालणारं, लहान बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) हे अमेरिकेतलं पहिलं शिकारी काडतूस. तेव्हापासून ईशान्येच्या जंगलांत किती हरणं याने पडली असतील याची गणती नाही, आणि हरणाची कातडी काही त्यानंतर जाड झालेली नाही. १७० ग्रेनची गोळी साधारण २,२०० फूट प्रतिसेकंद वेगाने नळीबाहेर पडते आणि शंभर यार्डांवर तिच्यात तेराशे फूट-पाउंडांच्या (हे ऊर्जेचं एकक) वर ऊर्जा शिल्लक असते. आपल्याकडच्या चितळाच्या आसपास देह असलेल्या जनावराला ती आरपार जायला पुरते. शंभर यार्डांवर नेम जुळवून ठेवला तर दीडशेवर गोळी तीन-साडेतीन इंच खाली लागते, दोनशेवर आठ-नऊ इंच. म्हणजे दीडशे यार्डांपर्यंत तुम्हाला डोक्यात कसलाही हिशोब करावा लागत नाही, छातीच्या मधोमध धरायचं आणि चाप ओढायचा. तुमची मोकळी जागा तर ऐंशीवरच संपते.

आता सहकाऱ्याच्या फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीबद्दल. माणूस तुम्हाला दोन वर्षं सोबत नेतोय, रान दाखवतोय, त्याचं म्हणणं सहज झटकून टाकू नये. हे काडतूस अमेरिकन लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलं आणि आजही ते अस्वल, मूस अशा मोठ्या जनावरांपुढे भरवशाचं आहे. पण त्याची दोन्ही विधानं तपासून घ्या. जड गोळी झाडीतून सरळ जाते, ही समजूत शिकाऱ्यांमध्ये फार जुनी आहे. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते. कोणती किती वळेल हे सांगता येत नाही, जड गोळीही त्याला अपवाद नाही. लॉरेलच्या झुडपांच्या जाळीआड हरणाचा अर्धा देह दिसत असेल तर उपाय एकच, थांबायचं. ते मोकळ्यावर आलं नाही तर त्या दिवशी ते जगलं. दुसरं, ४०५ ग्रेनच्या जुन्या पद्धतीच्या भाराची (भार म्हणजे काडतुसात भरलेली दारू आणि गोळी) गोळी शंभरावर जुळवली तर दोनशेवर दोन फुटांच्या आसपास खाली येते, आणि ताकदीचे आधुनिक भार घेतले तर धक्का खांद्याला सोसावा लागतो. साडेसात पाउंडांच्या रायफलीत थर्टी-थर्टीचा धक्का दहा-अकरा फूट-पाउंडांचा असतो. फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीच्या पूर्ण भाराचा त्याच्या अडीचपटीच्या आसपास जातो.

धक्क्याने खांदा दुखतो हे त्यातलं कमी महत्त्वाचं. रेंजवर कुणी नवखं असलं की मी एक गोष्ट हमखास करते. रायफल मी भरते, त्यांना पाहू देत नाही, आणि खऱ्या काडतुसांत एखादं खोटं मिसळते. नळी अर्थातच सतत निशाणाकडे. तिसऱ्या-चौथ्या वेळी चाप ओढल्यावर घोडा नुसता टक् करून पडतो, बार उडतच नाही, आणि तरीही नळीचं तोंड झटक्यात दोन बोटं खाली गेलेलं असतं, डोळे घट्ट मिटलेले असतात. धक्का बसणार या भीतीने शरीर आधीच दचकलेलं असतं. बार उडतो तेव्हा हे दचकणं आवाजात झाकलं जातं, म्हणून माणसाला वाटतं रायफलीचा नेम बिघडलाय. मोठ्या काडतुसापासून सुरुवात करणाऱ्यांना ही सवय फार लवकर लागते आणि सुटता सुटत नाही. पोटात गोळी लागलेल्या कितीतरी हरणांची गोष्ट इथे सुरू होते. तुम्ही ज्या हालांची धास्ती घेतली आहे, ते या वाटेने येतात.

शिवाय सराव. बहुतेक दुकानांत फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीच्या वीस काडतुसांची पेटी थर्टी-थर्टीच्या जवळपास दुप्पट किमतीला पडते. पैसे जास्त, खांदा लवकर थकणार, मग माणूस हंगामाआधी पाच-सहा गोळ्या उडवून ‘झालं जुळवून’ म्हणतो. भर हिवाळ्यात, जाड जाकीट घालून, उभ्याने आणि गुडघ्यावर बसून तुम्ही दीड-दोनशे गोळ्या उडवलेल्या असाव्यात असं मला वाटतं. ते थर्टी-थर्टीने जमतं. (कुणाकडे जुनी, एकोणिसाव्या शतकातली ट्रॅपडोर (वरचं झाकण उघडून एकेक काडतूस भरायची) फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी असेल तर तिच्यात आजच्या मार्लिन कंपनीच्या रायफलींसाठी बनवलेले जोरकस भार कधीही घालू नका. काडतूस आत बसतं म्हणून ते सुरक्षित असतं असं नाही. ती रायफल तेवढा दाब सहन करायला घडवलेलीच नव्हती.)

दुकानदाराचं .३०८ हे उत्तम काडतूस आहे, यात वाद नाही. पण ते लिव्हर रायफलीत घ्यायचं तर रायफलीचा प्रकारच बदलतो, हे त्याने तुम्हाला सांगितलं का? तुमच्या डोळ्यांपुढे जी लिव्हर रायफल आहे तिच्यात काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी ओळीने बसतात. तिथे टोकदार गोळी घातली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीवर) टेकतं, आणि धक्क्याच्या वेळी ते आतल्या आत उडू शकतं. म्हणून या रायफलींना चपट्या किंवा गोल तोंडाच्या गोळ्या लागतात, आणि म्हणून .३०८ सारखी टोकदार गोळीची काडतुसं ब्राउनिंगच्या बीएलआर किंवा हेन्रीच्या लाँग रेंजरसारख्या, पेटीवजा मॅगझिन (काडतुसं साठवायचा कप्पा) असलेल्या लिव्हर रायफलींत मिळतात. सॅव्हेज कंपनीने हा प्रश्न फिरत्या मॅगझिनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सोडवला होता. त्यांची मॉडेल ९९ जुन्या बाजारात .३०० सॅव्हेज किंवा .३०८ मध्ये चांगल्या अवस्थेत दिसली तर मलाही मोह होतो. पण तुमच्या ऐंशी यार्डांसाठी .३०८ काय जास्त देणार? थर्टी-थर्टीच्या दीडपट धक्का देईल आणि अडीचशे-तीनशे यार्डांची पोच देईल, जी त्या रानात तुम्हाला वापरताच येणार नाही.

मधला मार्ग म्हणून हॉर्नडीची लिव्हररेव्होल्युशन काडतुसं आहेत. त्यांच्या गोळीचं टोक मऊ, दबणाऱ्या प्लॅस्टिकचं असतं, त्यामुळे नळीच्या मॅगझिनमध्येही ती निर्धोक चालतात. १६० ग्रेनची गोळी साधारण २,४०० फूट प्रतिसेकंदाने सुटते, आणि शंभर यार्डांवर तीन इंच वर जुळवली तर दोनशेच्या आसपास नेमाच्या ठिकाणी येते. पुढे कधी शेताच्या कडेला, उघड्यावर बसायची वेळ आली तर रायफल तीच, फक्त काडतुसांची पेटी बदलायची.

मेहुण्यांच्या सल्ल्याकडे येते. ते ओहायोत राहतात हे लक्षात घ्या. तिथे २०१४ पासून हरणासाठी सरळ केसच्या (केस म्हणजे काडतुसाचं पितळी कवच) काडतुसांच्या रायफली चालतात, थर्टी-थर्टीसारखी पुढे निमुळती मान असलेली केस चालत नाही. ३६० बकहॅमर रेमिंग्टनने २०२३ मध्ये थर्टी-थर्टीच्याच केसवरून, नेमक्या अशा राज्यांसाठी आणि लिव्हर रायफलींसाठी बनवलं. ओहायोत किंवा आयोवात राहणाऱ्या वाचकांना मी तेच सुचवीन, किंवा .४४ मॅग्नम. ओहायोत चेंबर (काडतूस उडतं ती नळीतली जागा) आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरायची असतात, मॅगझिनमध्ये सहा मावत असली तरी. मिशिगनने २०१४ मध्ये दक्षिण पट्ट्यात सरळ केसला परवानगी दिली तेव्हा केसच्या लांबीची कमाल मर्यादा १.८० इंच ठेवली. त्यामुळे फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी सरळ असूनही त्या मापात बसली नाही, बकहॅमर बरोबर बसतं. इलिनॉयने २०२३ पासून हरणासाठी रायफल चालू केली, पण एका वेळी एकच काडतूस घेणारी. लिव्हरला तिथे जागाच नाही. म्हणून काडतूस ठरवायच्या आधी ज्या राज्यात जाणार तिथल्या त्या वर्षीच्या नियमांची पुस्तिका वाचा. भावाचं, मित्राचं, दुकानदाराचं काडतूस त्यांच्या राज्यात बरोबर असतं.

तुमच्या बाबतीत ही गोष्ट दुहेरी आहे. राहता न्यू जर्सीत, शिकार पेनसिल्व्हेनियात. न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण वापरावा लागतो. घराजवळ शनिवार-रविवारी हीच रायफल घेऊन हरणामागे जाऊ, असं मनात असेल तर ते काढून टाका. रायफल विकत घ्यायला न्यू जर्सीचं फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यात वेळ जातो. अर्ज आजच करा. रायफल प्रवासात रिकामी आणि बंद पेटीत ठेवायची. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं, न्यू जर्सीत घेतलेलं प्रमाणपत्र तिथे चालतं. हरणाच्या रायफल हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत केशरी रंग अंगावर, चारही बाजूंनी दिसेल असा लागतो. आणि मोठ्या जनावरासाठी तिथे सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. पटकन दुसरी गोळी भरता येणाऱ्या लिव्हर आणि पंप रायफली त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या रुळल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुमचं ग्रीन कार्ड आहे, म्हणून पुढचं तुमच्यासाठी नाही, पण हे सदर वाचणारे पुष्कळजण एच-वन-बीवर आहेत. त्यांनी हे नीट वाचावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदतीत असलेला शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, मग कपाटात पडलेली काडतुसांची अर्धी पेटीही अडचणीची. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि ग्रीन कार्डवाले त्यातून सुटत नाहीत. मित्राची रायफल ‘जरा हातात घेऊन बघ’ म्हणण्याआधीसुद्धा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. सल्ल्याची फी रायफलीच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच असते.

एल्कचं स्वप्न मला मोडायचं नाही. एल्क सांबराएवढा, बरेचदा त्याहून मोठा. कोलोराडोच्या नियमात एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि शंभर यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंडांची हवी. थर्टी-थर्टी या नियमात आरामात बसते. तरी मी तुम्हाला तिथे ती घेऊन जा असं म्हणणार नाही, कारण डोंगराच्या या उतारावरून त्या उतारावर अडीचशे यार्डांवर दिसलेल्या एल्कपर्यंत ती पोचते तेव्हा तिच्यात फारसं काही उरलेलं नसतं, आणि गोळी किती खाली येईल याचा अंदाज नवशिक्याला येत नाही. पण हेही बघा की तो प्रवास अजून ठरलेला नाही. ठरेल त्या वर्षी तुम्ही पाच-सहा हंगाम पाहिलेले शिकारी असाल, तुमची आवड तुम्हाला कळलेली असेल, आणि त्या वेळी .३०८ ची एखादी साधी बोल्ट (खिट्टी ओढून भरायची) रायफल घेता किंवा कुणाची उसनी नेता येईल. जे जनावर दरवर्षी समोर येणार त्याच्यासाठी आज निवडा. एकाच रायफलीने सगळं साधायचा हट्ट धरला की ती बहुतेक दिवशी चुकीची रायफल ठरते.

.३५ रेमिंग्टनचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तरी जुन्या मार्लिनच्या शोधात ती तुम्हाला दिसेल. १९०६ सालचं काडतूस, २०० ग्रेनची गोळी, दाट रानात अतिशय छान. अडचण एवढीच की काडतुसं दरवेळी दुकानात मिळतीलच असं नाही. .४४ मॅग्नम शंभर यार्डांच्या आत हरणाला पुरेसं आहे, .३५७ मॅग्नम मात्र मी पन्नास-साठच्या पुढे नेणार नाही, कारण शंभर यार्डांवर जाईतो त्याची बरीच ऊर्जा गेलेली असते.

रायफल कुठली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण काडतूस ठरलं की तोच प्रश्न येतो. मार्लिन ३३६ घ्या. तिची रिकामी केस बाजूने बाहेर पडते, माथा भरीव असतो, त्यामुळे स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवायला त्रास नाही. १९८०च्या आधीच्या विंचेस्टर ९४ मध्ये केस वरून बाहेर येते, स्कोप सरळ वर बसवता येत नाही. चाळिशीत डोळ्यांना जवळचं धूसर होऊ लागतं, तेव्हा उघड्या साइटचा (नळीवरच्या नेमाच्या खुणांचा) हट्ट धरू नका; दीड ते पाच पट मोठं दाखवणारा छोटा स्कोप पुष्कळ झाला. रुगर या बंदूक कंपनीने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतली आणि २०२३ पासून ३३६ पुन्हा बाजारात आणली. जुन्या बाजारातली, नळीवर ‘जेएम’ (जॉन मार्लिन) असा शिक्का असलेली ३३६ मिळाली तर तीही पाहा.

दोन गोष्टी घरी, रिकाम्या रायफलीवर, हातमोजे घालून पुन्हापुन्हा करा. पहिली, घोडा हलकेच खाली उतरवणं. मचाणावर हरीण आलं म्हणून घोडा मागे ओढलात आणि ते निघून गेलं, तर तो परत अर्ध्यावर आणायचा असतो. थंडीने बधिर झालेला अंगठा निसटला तर खाली भरलेलं काडतूस आहे. स्कोपखाली अंगठ्याला जागा कमी पडते, म्हणून घोड्याला बाजूला निघणारा छोटा जोड लावून घ्या, स्वस्त मिळतो. दुसरी, आडवी सुरक्षा कळ. नव्या मार्लिनमध्ये ती चालू राहिली तर चाप ओढल्यावर घोडा पडतो, टक् असा आवाज होतो आणि हरीण त्या आवाजाने पळतं.

काडतुसांच्या तीन वेगवेगळ्या पेट्या आणा, एक १७० ग्रेनची गोल तोंडाची, एक १५० ग्रेनची, एक तांब्याची. प्रत्येक रायफलीची आवड वेगळी असते. ज्या पेटीच्या गोळ्या शंभर यार्डांवर सगळ्यांत जवळजवळ लागतील ती घ्या आणि त्याच लॉटच्या चार-पाच पेट्या एकदम आणून ठेवा. तांब्याच्या गोळीचा विचार जरूर करा. शिशाची मऊ गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात शिरतात, आणि तुमच्या घरी ते मांस मुलगी खाणार आहे. बार्न्सची १५० ग्रेनची चपट्या तोंडाची आणि हॉर्नडीची १४० ग्रेनची मोनोफ्लेक्स, दोन्ही थर्टी-थर्टीसाठी मिळतात. कॅलिफोर्नियातल्या वाचकांना तर पर्यायच नाही, तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीसाठी शिसं बंद आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांना हे घरातून शिकायला मिळालं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपराच थांबली, आणि तिथल्या जंगलांची अवस्था पाहता ते योग्यच झालं. इथल्या मुलाला त्याचा आजोबा शिकवतो; आपण मात्र जो कुणी आत्मविश्वासाने बोलेल त्याचं ऐकतो. तुमच्या मुलीचं तसं होऊ नये असं मला वाटतं. पेनसिल्व्हेनियात १२ ते १६ वयाला ज्युनियर परवाना मिळतो, प्रशिक्षण तुमच्याबरोबरच घेता येईल, आणि रानात तिच्याबरोबर मोठं माणूस लागतंच. पण तिला थेट थर्टी-थर्टी देऊ नका. आधी .२२ ची लिव्हर रायफल आणा. धक्का जवळपास नाही, काडतूस काही सेंटांचं, आणि लिव्हर, घोडा, चाप यांची हाताला सवय तीच. निदान उन्हाळाभर तुम्ही दोघांनीही त्याच रायफलीवर काढा. मोठी रायफल घ्यायला जाताना तिला सोबत न्या आणि रिकामी रायफल तिच्या खांद्याला लावून पाहा. मान पुढे न ताणता डोळा स्कोपमागे येतो का ते बघायचं. ३३६ चा दस्ता साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, चौदा वर्षांच्या मुलीला तो बहुधा इंचभर लांब पडेल. मग जुन्या बाजारातून एक सुटा दस्ता घेऊन गनस्मिथकडून तिच्या मापाने कापून घ्या. स्क्रू काढून बदलायचं काम, तुमचा मूळ दस्ता तसाच राहतो. हे ऑगस्टमध्येच सांगून ठेवा, कारण नोव्हेंबर जवळ आला की त्याच्याकडे रांग लागलेली असते.